शेजारच्याचे कान

आवाज झाला तेव्हा माझे दोन्ही हात सिद्धीच्या कानांवर होते. दिवाळीची संध्याकाळ होती. बेंगळुरात, सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली सगळी माणसं क्लबहाउससमोर उतरली होती, आणि कुणीतरी सुतळी बॉम्बवर मातीची कुंडी पालथी घातली होती. आवाज कमी यावा म्हणून घातली की जास्त यावा म्हणून, हे सोसायटीच्या ग्रुपवर अजून ठरलेलं नाही. कुंडी फुटली. इतक्या जवळचा आवाज ऐकू येत नाही, तो लागतो. उजव्या कानावर कुणी तळहाताने सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं, मग त्या बाजूचं सगळं पुसलं गेलं, आणि त्या पुसलेल्या जागेत एक शिट्टी सुरू झाली. बारीक, सरळ, मध्ये श्वास न घेणारी. सिद्धीने माझे हात बाजूला केले, केसांखालून दोन्ही कानांतली पांढरी बोंडं काढून दाखवली आणि काहीतरी म्हणाली. मागाहून कळलं, ती म्हणत होती, "आई, माझं म्युझिक चालू होतं, मला काही ऐकूच आलं नाही." म्हणजे आधीच बंद असलेल्या कानांवर मी पहारा देत होते. पलीकडे माझा नवरा शंतनु स्वतःच्या कानांत स्वतःची बोटं घालून उभा होता, साऱ्या जगात माणसं उभी राहतात तसा. तो हसत होता. त्याच्या ओठांवरून ओळखलं, "भारी वाजला ना?"

शंतनुची काही चूक नाही. तो पुण्याचा, आणि पुण्यात ज्याने त्याने आपापले कान झाकायची पद्धत आहे. माझ्या माहेरी, जुन्या बेंगळुरातल्या चिकपेटच्या घरात मात्र फटाका वाजताना आपले कान आपण झाकत नसू, शेजारच्याचे झाकायचे. वाकून वात पेटवून अण्णा, म्हणजे माझे वडील, लगबगीने मागे येत तोवर रांग तयार असायची. सगळ्यात पुढे माझा भाऊ विनोदकुमार, त्याच्या कानांवर माझे हात, माझ्या कानांवर अण्णांचे. अण्णांचे हात खरबरीत होते आणि त्यांना दुकानातल्या नव्या अस्तराच्या कापडाचा खळीचा वास यायचा. आता कुठेही मांडीवर नवं कापड उलगडलं की मला आधी दिवाळी आठवते, मग कापड. अण्णांच्या डावीकडे आई. तिचा एक हात अण्णांच्या डाव्या कानावर. उजवा झाकायची गरज नव्हती, तो आधीच गेलेला. दुसऱ्या हाताने ती स्वतःचा एक कान झाकायची, आणि उरलेला कान अण्णांच्या खांद्याला टेकवायची. आमच्या गल्लीत, भरल्या संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत आई अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकवते, हे वर्षातून एकदाच घडायचं आणि तेही बॉम्बच्या कृपेने. समोरचे मारवाडी शेठ हसायचे. "गुंडूराव, तुमच्याकडे फटाके कमी आणि बंदोबस्त जास्त," असं ते दर वर्षी म्हणायचे आणि आम्ही दर वर्षी हसायचो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी पुण्यात सासरच्या गच्चीवर शंतनुचे कान झाकले होते. तो लाजून कानापर्यंत लाल झाला. "अगं, लोक बघतायत," म्हणाला. मग मी त्याचे झाकणं सोडलं आणि सिद्धी झाल्यावर तिचे झाकू लागले. पण माझे कोण झाकणार, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नाही. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे, असं माझं शरीर धरूनच चाललं होतं. शंतनु त्या रात्री हळहळून म्हणाला, "मला सांगायचंस ना, मी झाकले असते." खरंच झाकले असते त्याने. पण ही गोष्ट सांगून करून घ्यायची नसते, हे त्याला कसं सांगायचं ते मला कळेना, आणि डावा कान त्याच्याकडे करून मी नुसती मान हलवली.

ही पद्धत आमच्या घरात आली ती देवीच्या देवळातून. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमच्या समाजाचं एक लहानसं देऊळ होतं, आणि दसऱ्याला आरतीच्या वेळी तिथे उखळी उडवायची चाल होती. उखळी म्हणजे लोखंडाचं जाड तोंडाचं भांडं. त्यात दारू भरायची, वर विटेचा चुरा ठासायचा आणि लांब काठीच्या टोकाला काकडा लावून पेटवायची. त्या वर्षी पेटवायचा मान अण्णांचा होता. त्यांनी पेटवली, मागे आले, सगळ्यांनी कान झाकले, आणि काहीच झालं नाही. नुसता धूर. माणसं हात खाली घेऊन हसायला लागली, कुणी म्हणालं, गुंडूरावांचा बार फुसका. तेवढ्यात मी, चार वर्षांची, नवा परकर सावरत तो धूर बघायला पुढे धावले. अण्णा मागून धावले. मला उचलून मागे पळायला वेळ नाही, एवढं त्यांना धावता धावता कळलं असावं. ते माझ्यावर वाकले, दोन्ही तळहातांनी माझे दोन्ही कान झाकले, आणि उखळी त्यांच्या उजव्या बाजूला उडाली. माझे कान दोन, त्यांचे हात दोन, हिशेब तिथेच संपला. ही गोष्ट आमच्याकडे कधी रडून सांगितली गेली नाही. "अण्णांनी एक कान देवीला वाहिला," एवढंच आई म्हणायची, आणि पाहुणे आले की विनोदकुमार अभिनयासकट सांगायचा, त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तरी. मलाही कधी अपराधी वाटलं नाही, कारण कुणी तसं वाटूच दिलं नाही. आम्ही अण्णांच्या डावीकडे चालायला शिकलो, डावीकडे जेवायला बसायला शिकलो. आमचं सगळं घरच अण्णांच्या डाव्या बाजूला होतं. उजव्या बाजूला काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की जे मला झालं होतं त्याचं नाव मला गेली कित्येक वर्षं तोंडपाठ आहे. मी जर्मन शिकले ती एका मैत्रिणीच्या नादाने, आणि त्या जर्मनवर माझं पोट चालतं. जर्मनीतल्या दवाखान्यांचे अहवाल इथे बेंगळुरात येतात, मी ते वाचते आणि प्रत्येक आजाराला विम्यासाठी ठरलेला कोड लावते. जानेवारीत तिथून कानांची रांग लागते. नव्या वर्षाच्या रात्री ती शिस्तीची माणसं दारू पिऊन एकमेकांच्या पायांत फटाके सोडतात, आणि मग आठवडाभर माझ्या स्क्रीनवर एकच शब्द येत राहतो, क्नालट्राउमा. क्नाल म्हणजे धडाका, ट्राउमा म्हणजे इजा. जर्मन माणूस नीटनेटका, त्याने त्यातही दोन कप्पे केलेत. आवाज क्षणाहून लहान असेल आणि कानाचा पडदा शाबूत असेल, तर क्नालट्राउमा. धक्का त्याहून लांब असेल आणि पडदा फाटला असेल, तर तो एक्सप्लोझिओन्सट्राउमा, त्याचा कोड वेगळा. त्या दिवशी अण्णांच्या कानातून रक्त आलं होतं, सदऱ्याची कॉलर भिजली होती, असं आई सांगायची. म्हणजे बापाला एक्सप्लोझिओन, लेकीला क्नाल. दिवाळीनंतरच्या सोमवारी कानात शिट्टी घेऊन मी ऑफिसात बसले होते आणि हा हिशेब माझ्या मनात आला, आणि मी एकटीच हसले. शेजारच्या खुर्चीवरच्या निहारने विचारलं, "क्या हुआ, कौशल्या मॅम?" मी त्याचं निम्मंच ऐकलं. इतकी वर्षं मी या शब्दापुढे आकडे लिहिले होते. कोड लावणाऱ्याला आजाराचं नाव माहीत असतं, आजार माहीत नसतो.

आजार असा होता. उजव्या कानातून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. सिद्धी 'स' आणि 'श' म्हणायची ते गेले, त्यामुळे तिचं बोलणं कुरतडल्यासारखं येऊ लागलं. दारातल्या तुळशीवर येणाऱ्या इवल्या पक्ष्याची चोच उघडमीट करायची आणि त्या कानाला आवाज नाही. पण हे गेलेलं मी सोसलं असतं, आलेलं सोसवेना. शिट्टी जेवताना होती, अंघोळीत थोडी विरायची, आणि घर शांत झालं की मोठी व्हायची. उशी दाबून कान झाकला तर ती डोक्याच्या आतून वाजायची. पहिले दोन-तीन दिवस, जाईल आपोआप, म्हणून मी अंगावर काढले. मग शंतनुने जबरदस्तीने गाडीत घातलं आणि डॉक्टर गिरीराजांकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "मॅडम, जे परत यायचं ते या पंधरवड्यात येईल. त्यानंतर जे राहील ते राहील." मी विचारलं, "आणि हा आवाज?" ते म्हणाले, "आतल्या कानाचे बारीक केस मोडले की मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही. काही जणांचा जातो. काही जणांना जन्मभर सोबत करतो." सोबत हा शब्द त्यांनी कन्नडमधून इतक्या प्रेमाने वापरला की मला त्यांचा राग आला.

आणि मग, तिथेच, खुर्चीवरून उठता उठता मला तो विचार आला. जन्मभर. मग अण्णांचं काय? आम्ही सगळे धरून चाललो होतो की अण्णांचा उजवा कान म्हणजे बंद केलेली खोली. आत काळोख, शांतता, फारतर थोडी धूळ. विनोदकुमार तर म्हणायचा, आईची बोलणी सुरू झाली की अण्णा उजवा कान पुढे करतात, नशीबवान माणूस. पण ती खोली बंद नसली तर? तिथे चार वर्षांच्या पोरीमागे धावलेल्या त्या क्षणापासून आजपर्यंत ही अशी शिट्टी वाजत असली तर? गल्लीतली भांडणं, विनोदकुमारची मुंज, माझं लग्न, आईचे शेवटचे दिवस, या सगळ्याच्या खालून? गोळ्या घेऊनही मला झोप येईना ती स्वतःच्या कानापायी की त्यांच्या, ते वेगळं करता येईना. अण्णांना विचारावं असं वाटे आणि धीर होत नसे. हो म्हणाले तर ती एवढी वर्षं मी कुठे ठेवू? आणि नाही म्हणाले तर मी एकटीच राहिले. दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती, हे कबूल करायला मला लाज वाटली.

त्या पंधरवड्यात मी फार मागे गेले. कामात मन लागेना तेव्हा उरलेल्या कानाने जुने आवाज आठवत बसायचे. पहाटे चिकपेटच्या दुकानांची शटरं एकामागून एक वर जायची तो गडगडाट. खालच्या दुकानात अण्णा अस्तर टरकन फाडायचे, सरळ, कात्री न लावता. आईचं दोन भाषांत रागावणं: मराठीत सुरुवात, कन्नडमध्ये शेवट, कारण रस्त्यावरच्यांनाही कळायला हवं. आणि या सगळ्यावर आमचा पंखा. त्या काळी बेंगळुरात घरी पंखा नसायचा, गरजच नसायची. एप्रिलमध्येसुद्धा माणसं संध्याकाळी स्वेटर घालून फिरायची. पण अण्णांनी एकदा दुकानाचा सीझन चांगला गेला तेव्हा छताला पंखा लावून घेतला, आणि तो बारा महिने तेरा काळ फिरायचा. कर्र, कर्र, खट्, पुन्हा कर्र. डिसेंबरच्या थंडीत आम्ही माकडटोप्या घालून, दोन दोन चादरी पांघरून त्या पंख्याखाली झोपायचो. आई कुरकुरायची, "हौस फिटत नाही बघ या माणसाची," पण बटणाला हात लावत नसे. शेजारी म्हणायचे, गुंडूरावांना पैशाची ऊब फार चढलीय. मी लग्न होऊन गेले तेव्हा पुण्याच्या पहिल्या रात्री मला झोप आली नाही, कारण डोक्यावर काही करकरत नव्हतं. त्या आवाजाची मला इतकी आठवण यावी याचं नवल वाटलं. पंख्याला तेल घालू या, असं विनोदकुमार म्हणाला की अण्णा म्हणायचे, "असू दे रे, त्याची काय अडचण आहे तुला?"

पंधरवडा संपल्यावर डॉक्टर गिरीराजांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं. बाहेर येऊन कागदावरची रेघ दाखवली. खालचे सूर परतले होते, मधले बहुतेक परतले होते, टोकाला मात्र रेघ खड्ड्यात गेली होती ती तशीच होती. "बोलणं नीट ऐकू येईल," ते म्हणाले. "पक्ष्याचं कदाचित नाही. आणि शिट्टी..." मला पुढचं कळलं. शंतनुने गाडी काढली, पण मी म्हटलं, मी मेट्रोने अण्णांकडे जाते. सिल्क बोर्डच्या स्टेशनवर त्याने मला सोडलं आणि मी उतरताना, न सांगता, त्याने माझ्या उजव्या कानावरून हात फिरवला. शिकतोय बिचारा, असं वाटून मला भर रस्त्यात रडू आलं.

गाडी बदलून मी राजाजीनगरला विनोदकुमारच्या घरी निघाले; अण्णा आता तिथेच असतात. "मुंदिन निल्दाण चिकपेटे," पुढचं स्टेशन चिकपेट, असं गाडी बोलली ते मला स्वच्छ ऐकू आलं. गाडी जमिनीखालून जात होती, आता आमची गल्ली डोक्यावर होती. वर आमचं घर नव्हतं, तिथे साड्यांचं चार मजली दुकान झालंय. उखळी तर केव्हाच बंद झाली; देवळात आता दसऱ्याला लाउडस्पीकर असतो. दारं उघडली, कापडाच्या पिशव्या घेऊन बायका आत शिरल्या, आणि नव्या कापडाचा तो खळीचा वास डब्यात भरला. मी डोळे मिटले. मागे अण्णा उभे आहेत असं क्षणभर इतकं खरं वाटलं, की मी मान वळवली नाही.

दार शिल्पाश्रीने उघडलं. विनोदकुमारची बायको, म्हैसूरकडची, माझ्या आईकडून मराठी शिकलेली, सासऱ्यांना मामा म्हणणारी. "अक्का, या की. कॉफी ठेवते स्वल्प. मामा आत आहेत, सकाळपासून तुमचीच वाट." विनोदकुमार दुकानावर होता. त्याने मला फोनवर बजावलं होतं, "अण्णांना कानाचं सांगू नको अक्का, उगा मनाला लावून घेतील." अण्णा खोलीत खिडकीशी बसले होते. आई गेल्यापासून ते बारीक झालेत, पण खांदे अजून तसेच आहेत. मी सवयीने त्यांच्या डावीकडे बसले. ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि मला नीट आलं नाही, कारण डावीकडे बसलं की माझा उजवा कान त्यांच्याकडे येतो. मी पुन्हा "काय?" म्हटलं. पुन्हा आलं नाही. मग स्टूल ओढून मी त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आयुष्यभर आम्ही शेजारी बसलो होतो. समोरून त्यांचा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला नव्हता. तेही माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुठला? उजवा?"

मी मान हलवली. "दिवाळीत. सोसायटीत बार उडाला."

"हात कुठं होते तुझे?"

"सिद्धीच्या कानांवर."

अण्णा हसले. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरतील, पण ते हसले, मनापासून, खांदे हलवून. "सरी, बरोबर," म्हणाले. "मग काय तर."

मग मी विचारलं. किती दिवस घोळवलेलं वाक्य, ते नीट आलंच नाही. "अण्णा, तुमच्या त्या कानात काही वाजतं?"

"वाजतं की."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच गे. थांबलं कुठं?"

"आम्हाला कुणालाच सांगितलं नाहीत."

"तुझ्या आईला ठाऊक होतं." ते खिडकीबाहेर बघू लागले. "तुला काय सांगायचं? लहान होतीस तेव्हा कळलं नसतं. मोठी झालीस तेव्हा लागलं असतं."

मला आता धीर धरवेना. इतके दिवस शंतनुसमोर, सिद्धीसमोर, डॉक्टरांसमोर जे आवरलं होतं ते चार वर्षांच्या पोरीसारखं बाहेर आलं. "मला सोसत नाही अण्णा," मी म्हटलं. "शांत झालं की फार वाजतं. मी काय करू?" आणि मी दोन्ही हातांनी माझे कान घट्ट दाबून धरले.

अण्णांनी माझी मनगटं धरली. तेच खरबरीत हात. मला वाटलं, आता ते आपले तळवे माझ्या कानांवर ठेवतील, आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिले. पण त्यांनी माझे हात कानांवरून अलगद खाली घेतले. "झाकू नको," म्हणाले. "बाहेरच्यासाठी झाकायचं असतं. आतलं झाकलं की वाढतं." मग ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले. नोव्हेंबरची थंडी होती, त्यांच्या अंगात स्वेटर होता, गळ्याला मफलर होता. त्यांनी बटण दाबलं. राजाजीनगरला येताना जुन्या घरातून खोलून आणलेला तो पंखा एकदा अडखळला, आणि फिरू लागला. कर्र, कर्र, खट्.

हौस नव्हतीच ती कधी. स्वयंपाकघरातून शिल्पाश्री ओरडली, "मामा, थंडीत परत फॅन?" अण्णा येऊन पुन्हा माझ्या समोर बसले, मफलर नीट केला, आणि आम्ही दोघं वर न बघता तो आवाज ऐकत राहिलो. बारा महिने तेरा काळ, दोन चादरींखाली, मी तो त्यांच्यासोबत ऐकला होता.

"आता?" त्यांनी विचारलं.

"कमी वाटतंय," मी म्हटलं. "थोडं."

"स्वल्पच होतं कमी," अण्णा म्हणाले. "पण झोप येते."